अण्णांचा चहा आणि गुरुवारचा बाजार

पंचायत समितीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कपड्यांवरच्या धुळीसारखे आपोआप बसतात, आणि रिटायर झाल्यावर बायको झटकायला लागली की कळतं, अरे बाप रे, एवढे साठले! मी गंगापूरकडच्या एका समितीत विस्तार अधिकारी होतो. कोणत्या, ते विचारू नका. आता शहरात, उस्मानपुऱ्यात सुखानं राहतोय, राहू द्या!

* * *

आमचे सभापती अण्णा. माणूस सोन्यासारखा, पण माईक हातात आला की लगाम नाही. तालुक्याचा आर्थिक विकास करायचा म्हणून समितीनं एका गावात आठवडी बाजारासाठी ओटे बांधले, वर पत्रे टाकले. शेतकऱ्यांनी भाजी जीपवर लादून शहरात कशाला न्यायची? गावातच विकावी! उद्घाटनाला टाळ्या पडल्या आणि अण्णांना चेव आला. "हा बाजार भरल्याबिगर मी चहाला तोंड लावणार नाय!"

उपसभापती नाना म्हणजे अण्णांचे पक्के विरोधक. ते खालून ओरडले, "सगळ्यांनी ऐकलं ना रे?"

अहो, अण्णा म्हणजे हातातला कप रिकामा व्हायच्या आत दुसरा मागवणारा माणूस. दोन दिवसांत डोकं धरून बसले. अन् नाना? मुद्दाम समोर बसून बशीत ओतायचे आणि फुर्रर्र करायचे!

"नाना, ही मिटिंग हाय का म्हशीचा हौद?" अण्णा एकदा कडाडले.

"तुम्ही बी घ्या की घोटभर," नाना गोड हसून म्हणाले.

* * *

पहिला गुरुवार. बँड होता, पताका होत्या, बाजार नव्हता. दोन मेथीवाले, एक वांगीवाला आणि शहरातल्या शहागंजहून आलेले बांगड्यांचे व्यापारी शब्बीरभाई. गिऱ्हाईक शून्य!

अण्णांनी आम्हालाच फर्मावलं, "काहीतरी घ्या रे! बाजार चाललाय असं दिसू द्या!"

मेथी आणि वांगी आम्ही खालच्यांनी उचलली. बीडीओ साहेब उशिरा पोचले, त्यांच्या वाट्याला बांगड्या आल्या. घेतल्या बिचाऱ्यांनी डझनभर. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मॅडम थेट ऑफिसात हजर. बांगड्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "माझ्या मनगटात जात नाहीत. कुणाच्या मापाच्या आणल्यात?"

साहेबांनी अण्णांकडे बोट दाखवलं!

* * *

मग आम्ही लाऊडस्पीकर फिरवला. ताज्या भाजीवर भाषणं केली. काही उपयोग नाही. ओट्यांवर लोक मिरच्या वाळवायला लागले. एका पठ्ठ्यानं तर ओट्यावर लग्नाची पंगत बसवली आणि अण्णांनाच आमंत्रण दिलं. अण्णा जेवले. जेवण झाल्यावर यजमान म्हणाला, "अण्णा, च्या आणू?"

अण्णा उठून जीपमध्ये जाऊन बसले. मला खरंच वाईट वाटलं हो. हसू पण येत होतं, पण वाईटच जास्त वाटलं.

* * *

शेवटी शब्बीरभाई ऑफिसात आले. "अण्णा, एक बात बोलूं? बायकांना विचारलं मी. त्या म्हणतात, पलीकडच्या गावच्या जुन्या बाजाराला आमची माय येती. इथं कोण भेटतंय? मेथी तर घरच्या रानात बी हाय!"

अण्णा टुणकन उठले. "आरं तिच्या! आपण भाजी बोलावली, माणसं बोलवायची राह्यली!"

त्याच आठवड्यात आमच्या जीपा आजूबाजूच्या गावांतून ओरडत फिरल्या, "लेकींना भेटायला गुरुवारच्या बाजाराला चला हो!"

* * *

बाजार कसा भरतोय, हे बघायला जावंच लागलं नाही. तीन गुरुवार झाले आणि सासवांचा मोर्चा ऑफिसावर आला!

"बाजार बंद करा! सुना दुपारी जात्यात त्या दिवे लागले तरी येत नायत!"

नानांना काय आनंद! पळतच गच्चीवर गेले मोर्चा बघायला. बघतात तर सगळ्यांत पुढं, पदर खोचून, अण्णांची माय!

"तुझी बायको बी तिथंच असती दर गुरुवारी," माय गरजली. "बंद कर आधी!"

अण्णा हात जोडून म्हणाले, "माय, एक डाव डोळ्यांनी बघ. मग तू म्हणशील तसं."

* * *

त्या गुरुवारी माय गेली. मीही होतो. काय गर्दी! नानांचा पाय चेंगरला, जोडा हरवला. शब्बीरभाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. वांगी संपली, मेथी संपली. माय तरातरा सगळ्यांना दटावत निघाली आणि एका ओट्यापाशी थबकली. तिथं तिची धाकटी बहीण बसली होती. कैक वर्षांत भेट नव्हती. दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला, की वांगीवाला पण डोळे पुसायला लागला.

सांज झाली. अण्णा जीप घेऊन आले. "माय, चल. मग, बंद करू का बाजार?"

"हात तर लावून बघ!" माय बहिणीचा हात धरूनच बोलली. "तू जा. मला उशीर होईल."

"अन् सैपाक?"

"सून करंल की."

सून पलीकडच्या ओट्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिनं पडल्या पडल्याच हात हलवला, "मला बी उशीर होईल!"

"मग सैपाक कोण करणार?"

सासू आणि सून एका सुरात म्हणाल्या, "तू!" आणि लगेच सुनेनं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो तर अण्णा खुर्चीत प्रसन्न बसलेले. नाना पाय चोळत म्हणाले, "भरला बुवा तुमचा बाजार. मग, च्या घेतला का घरी?"

"घेतला की. सोताच केला," अण्णा म्हणाले. "साखरेचा डबा कुठं असतो तेवढं सापडलं नाय. बिनसाखरेचाच दोन कप प्यालो!"