मावशींचा पहिला नंबर

अंबडच्या एमआयडीसीत आमच्या टेबलावर गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बनायच्या. रंगीत वायरी कनेक्टरमध्ये खोचायच्या, वर टेप गुंडाळायची, की झाला एक नग. जेवढे नग तेवढा पगार. चांदवडकडच्या एक मावशी माझ्या शेजारी बसत. त्या या कामाला ‘उक्तं’ म्हणत, कारण त्यांच्याकडे कांदा काढायचं काम असंच अंगावर घेतात. "उक्त्यात बोलायला येळ नसतो गं," असं म्हणत त्या दिवसभर बोलत.

मला मावशी फार आवडायच्या. माझा स्वभाव तापट, सकाळी घरी भांडूनच मी कामावर यायची. मावशी काही विचारायच्या नाहीत, नुसती लसणाची चटणी माझ्या डब्यात सरकवायच्या. मग माझा राग आपोआप उतरायचा.

त्या थंडीत त्यांचा उजवा अंगठा आखडायला लागला. आमचे सुपरवायझर सर वाईट नव्हते, पण त्यांच्या मानेवर टार्गेट बसलेलं. ज्यांचे ठरलेले नग भरणार नाहीत त्यांच्या जागी पुढच्या महिन्यात कंत्राटदार दुसऱ्या बायका आणेल, असं त्यांनी सांगून टाकलं. मावशींच्या घरी त्या आणि शाळेत जाणारी नात, कमावतं दुसरं कुणी नाही.

मावशी पाणी प्यायला उठल्या की मी माझे थोडे नग त्यांच्या ट्रेमध्ये टाकायला लागले. कुणाला बोलले नाही. मनातल्या मनात मात्र स्वतःवर भलतीच खूश होते.

महिना संपला आणि मावशींचा चक्क पहिला नंबर आला. आम्ही सगळ्या एकमेकींची तोंडं बघत राहिलो. म्हणजे टेबलावरची प्रत्येक जण गुपचूप हेच पुण्य कमावत होती! मावशींना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघितलं? आखडला तरी अंगठा चांदवडचा हाय!" सरांनी पेढे आणले, टाळ्या झाल्या. इथवर ठीक होतं. पण सर म्हणाले, "मावशी, आता तुमची पद्धत सगळ्यांना दाखवा. मी घड्याळ लावतो."

मावशी ऐटीत बसल्या. पहिली वायर खोचली, दुसरी निसटली, ती पुन्हा धरली तर पहिलीच बाहेर आली. सरांनी मोबाइलवरचं घड्याळ पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या टेबलाखाली काहीतरी शोधायला लागलो. मावशींनी अर्धा नग खाली ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं, आणि तो चेहरा मला बघवेना.

मग माझं तोंड सुटलं. "सर, गेटवरचा बोर्ड वाचा. नग कमी भरले तरी किमान वेतन द्यावंच लागतं. यांना काढलंत तर आम्ही सगळ्या लेबर ऑफिसला जाऊ."

"पगार मिळेल हो ताई, पण ऑर्डर कोण पूर्ण करणार?"

"या महिन्यात अडली का?" पलीकडून दुसरी म्हणाली. "टेबलाचे नग तर पूर्ण भरले ना?"

सरांनी डोकं खाजवलं, हातातला पेढा स्वतःच खाऊन टाकला आणि म्हणाले, "बरं बाई. मावशी राहतील."

आम्हाला वाटलं, जिंकलो. मावशी मात्र त्या दुपारी आमच्यात जेवायला बसल्या नाहीत. मी मनवायला गेले तर म्हणाल्या, "नातीला सांगितलं व्हतं गं मी, तुजी आजी अजून लय चपळ हाय." मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ट्रे उचलून भिंतीकडे ठेवला, आमचा हात पोचणार नाही असा. "किती का भरंना, माजं मी भरीन," म्हणाल्या. मग स्टूल माझ्या इतकं जवळ ओढलं की कोपराला कोपर लागायला लागलं. "तू फकस्त बोलत राहा."

मी बोलत राहिले. त्या दिवशी टेबलावर सगळ्यात कमी नग माझे भरले.