वाकून मोजलेली उंची

"बेन, हर्निया है. ऑपरेशन करना पड़ेगा," डॉक्टर म्हणाले, आणि मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. सहा महिने बेंबीशेजारी लिंबाएवढा गोळा घेऊन फिरत होते. त्याला निदान नाव तरी मिळालं.

अंबिलिकल हर्निया म्हणजे बेंबीजवळ पोटाची भिंत सैल होते आणि आतडं बाहेर डोकावतं. झोपलं की आत जातं, खोकलं की बाहेर येतं. डॉक्टरांनी बजावलं, ते बाहेरच अडकलं तर जिवावर बेतेल, उशीर करू नका.

मी इथे गुजरातेत, डिंडोलीला राहते. घरी बसून साड्यांना लेस लावते. दिवसभर बसून वजन वाढलं, अठ्ठ्याण्णव किलो. मिस्टर कडोदऱ्याला लूमवर बारा तासांची पाळी करतात, म्हणून दवाखान्यात माझ्यासोबत आमचे जेठ, म्हणजे मिस्टरांचे थोरले भाऊ नाना, आले; मिस्टरांना ते दिन्या म्हणतात. पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात जन्म गेला त्यांचा, गुजराती फाडफाड बोलतात.

ऑपरेशनआधी वजन-उंची झाली. तिसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाईल बघून मान हलवली. "झेड अडुसष्ट पॉईंट चार एक. इथे नाही होणार."

हा कोड काय असतो ते समजून घ्या, तुमच्यावरही वेळ येईल. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. मोठ्या माणसाचा बीएमआय कोणत्या टप्प्यात आहे, ते हा कोड सांगतो. माझा चाळीसच्या वर निघाला. त्या छोट्या दवाखान्यात चाळीसच्या वर भूल देत नाहीत. "वजन उतरवा, मग या," एवढंच.

आणि गोळा? तो थांबणार होता का माझ्यासाठी?

दोन महिने मी भात सोडला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अर्धी केली. खोकला आला की दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. शिंकेचीसुद्धा भीती! रडू यायचं, पण रडताना पोट हलतं म्हणून तेही गिळायची. आपल्याच पोटात कुणीतरी आपल्याला कोंडलंय असं वाटायचं. दोन किलो उतरले. कोड तोच. दर वेळी वजन नवं घ्यायचे आणि उंची जुन्या फाईलवरून उतरवायचे, एकशे चोपन्न.

मग एकदा नाना खाली गाडी लावत होते, तेवढ्यात नव्या सिस्टरने मला पट्टीखाली उभं केलं. एकशे साठ! ती हसली, "बेन, या वयात वाढलात की काय?"

माझं मला कळलं. पहिल्या वेळी नाना समोर बसले होते. आमच्यात जेठासमोर बाई ताठ उभी राहत नाही. पदर डोक्यावर, मान खाली, गुडघे जरासे वाकलेले. बावीस वर्षांची सवय, शरीर आपोआप वाकतं. त्यात मी उंच. लग्न ठरताना आईने सांगितलं होतं, जरा लवून चाल, पोरगा बुटका आहे.

कोड टाकणारा कॉम्प्युटरवाला ही नवी उंची घेईना. "मोठ्या माणसाची उंची बदलत नाही. सिस्टरची चिठ्ठी चुकली असेल. डॉक्टरांनी स्वतः मोजून लिहून दिलं तरच कोड बदलेन."

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. नाना आधीच आत बसलेले. मी पट्टीखाली उभी राहिले आणि, काय सांगू, परत वाकले! माहीत असून! गुडघे माझे ऐकेनात. डॉक्टर म्हणाले, "एकशे चोपन्न." मला वाटलं, संपलं आता. जीव जाईल, पण ही मान वर व्हायची नाही.

तोंडातून कसंबसं निघालं, "नाना, तुमच्यासमोर माले उभं राहता येत नाही."

नाना खुर्चीतून उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पोरी, तू माले लेकीसारखी. सरळ उभी ऱ्हाय. मी सांगतो म्हणून ऱ्हाय."

मी गुडघे ताठ केले. पाठ भिंतीला लावली. मान वर केली, तर पदर घसरला. तो सावरायला हात गेला तशी सिस्टरने हात धरला. बावीस वर्षांत नानांनी माझा चेहरा पहिल्यांदा पुरता पाहिला असेल. मीही त्यांचा.

एकशे साठ. बीएमआय साडेसदतीस. कोड झाला अडुसष्ट पॉईंट तीन सात, आणि आठवड्याने ऑपरेशन झालं. वजन अजून उतरवायचं आहे, ते खोटं नाही.

बायांनो, वजनकाट्यावर आणि पट्टीखाली उभ्या राहाल तेव्हा समोर कोण आहे ते बघू नका. सासरा असो, जेठ असो, सरळ उभ्या राहा. लिहिलेला आकडा एकदा बघून घ्या. आणि ज्याच्यामुळे वाकतो त्यालाच सांगून बघा. मी सांगितलं म्हणून आज हे लिहितेय. नानांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवशी केबिनबाहेर आल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले होते. म्हणाले, "तू तं आमच्या दिन्यापेक्षा उंच शे!"