कपाटातला हार

आमच्या अमरावतीच्या कार्यालयात थोर माणसं एका लोखंडी कपाटात राहत. जयंती किंवा पुण्यतिथी आली की त्यातली एक तसबीर बाहेर काढायची, खुर्चीवर ठेवायची, कपाटातलाच चंदनाचा हार घालायचा, मोबाइलवर फोटो काढून वरच्या कार्यालयाच्या ग्रुपवर टाकायचा आणि तसबीर परत आत. अकोल्याला होतो तेव्हाही हेच होतं, फक्त कपाट वेगळं. त्या माणसानं आयुष्यात काय केलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

एका जयंतीला नेमकी तीच तसबीर सापडेना. शिपाई म्हणाला, "साहेब, आजचा फोटो कुठंच नाही सापडून राह्यला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मंग दुसऱ्या कोणाचाबी ठेव. लांबून घे. हार दिसला म्हणजे झालं."

आम्ही सगळ्यांनी भलत्याच माणसापुढं हात जोडले. ग्रुपवर वरिष्ठांचेही जोडलेले हात आले. लाज वाटावी असं त्यात कोणालाच काही दिसलं नाही. मी तर रुमाल तोंडाला लावून हसलो.

माझ्या निवृत्तीचा दिवस अशाच एका पुण्यतिथीला आला. तसबिरीचा कार्यक्रम नुकताच उरकला होता. शिपायानं ती उचलली आणि साहेब मला त्याच खुर्चीवर बसा म्हणाले. माझ्यासाठी हार आणायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. तसबिरीवरचाच हार काढून त्यांनी माझ्यापुढं धरला आणि मी मान पुढं केली.

साहेब शिपायाकडं वळले. "लांबून घे."