सुगंधाबाईच्या लग्नातली पेटी

नूर मोहम्मद यांचं ब्रह्मपुरीच्या बाजारात पेट्यांचं दुकान होतं. जाड पत्र्याची पेटी, वर हिरवा रंग, झाकणावर दोन गुलाब आणि त्यांच्यामध्ये नवरीचं नाव. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत पोरीचं लग्न ठरलं की आंदणाची पेटी नूरभाईंच्याच दुकानातून जायची. पण त्यांना पेटीवाले म्हणून कुणी ओळखत नसे. दिवाळी सरली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, लेकी माहेरी आल्या, रात्रीच्या नाटकांसाठी मंच उभे राहिले, की भरदुपारी त्याच मंचावर काळा कोट घातलेला एक काटकुळा माणूस यायचा. हात बांधून घ्यायचा, पेटीत बसायचा, बाहेरून कुलूप लावायला सांगायचा आणि बाहेर यायचा. तो जादूगार नूर.

हे खूळ एका सिनेमानं डोक्यात घातलं होतं. नूरभाई मिसरूड फुटायच्या वयाचे असताना टुरिंग टॉकीजच्या तंबूत एक रंगीत विलायती सिनेमा आला. भाषा कुणालाच कळत नव्हती, कळायची गरजही नव्हती. एका जादूगाराचा सगळा जन्म त्यात होता. बेड्या, तुरुंग, बर्फाखालचं पाणी. दरवेळी तो अडकायचा, दरवेळी सुटायचा आणि ओल्या केसांनी लोकांपुढं वाकायचा. सिनेमा टाळ्यांवर संपायचा.

खरं तर तो तिथं संपत नव्हता. शेवटी जादूगार पाण्याच्या काचेच्या टाकीत मरतो. पण टॉकीजच्या मालकानं पहिल्याच गावात पाहिलं की तो शेवट बघून बायका रडत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी तंबू रिकामा राहतो. त्यानं शेवटचं रीळ डब्यात ठेवून दिलं. आमच्या भागात तो सिनेमा तसाच चालला. नूरभाईंच्या लेखी तो माणूस कायम सुटतच राहिला.

मुलगा जिशान राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत मेकॅनिक झाला. एका ईदला घरी आला तेव्हा त्यानं हौसेनं तो सिनेमा मोबाईलवर शोधून बापाला दाखवला. नूरभाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिला. संपल्यावर विचारलं, "पुढं?"

"पुढं काई नाई, अब्बा. मेला तो."

त्यांनी मोबाईल परत दिला. त्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी तशीच राहिली. बायकोच्या, शमसुन्निसाबींच्या, ते ध्यानात आलं, पण तेव्हा त्यांनी एवढंच समजून घेतलं की दूध जास्त गोड झालं असेल.

शमसुन्निसाबी त्यांच्या मंचावरच्याही जोडीदार. पेटीपुढं लाल चादर धरून उभं राहायचं आणि लोकांना बोलण्यात गुंतवायचं, हे त्यांचं काम. आतून नूरभाई ओरडायचे, जिशानची अम्मी, चहा झाला का? त्या म्हणायच्या, पहिले बाहेर तर या. ते म्हणायचे, थंडी वाजून राह्यली. त्या म्हणायच्या, मग आतच बरे आहा. लोक लोटपोट व्हायचे आणि तेवढ्यात चादर खाली पडायची.

पेटी त्यांनी स्वतः बनवलेली. मागच्या बिजागरीच्या खिळ्या आतून निघायच्या, एवढीच जादू. तरी अडचण आलीच तर काय, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच मंडईत ठरवून घेतलं होतं. आतून मी काहीही बोललो, रडलो, हातपाय आपटले, तरी चावी मागायची नाही. लोकांना तो खेळच वाटला पाहिजे. मात्र मी तुझं नाव घेतलं, तर क्षणाचा उशीर करायचा नाही. खूण पक्की होती, कारण नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घेणं त्यांच्या घरात बेशरमपणा समजला जाई. घरातही ते कधी नाव घेत नसत. आधी 'ऐकून राह्यली का', मग 'जिशानची अम्मी'. ती हाक चुकून तोंडातून निघणं शक्य नव्हतं.

सगळ्या संसारात ती निघाली नाही.

गेल्या मंडईच्या दिवसांत गडचिरोलीकडच्या एका गावानं बोलावलं. तोवर बोलावणी कमीच झाली होती. डीजे आला होता, आणि पेट्यांच्या जागी लोखंडी आलमाऱ्या आंदणात जात होत्या. मंडई कमिटीत विक्की नावाचा तरतरीत तरुण होता. पेटी मंचावर चढली तसा त्यानं माईक हातात घेतला. म्हणाला, काका, हे सारं मोबाईलवर दाखवते, मागच्या खिळ्या निघते म्हणून. माणसं हसली. मग तो म्हणाला, "आमच्या गावच्या पेटीतून निघून दाखवता का? पेटी तुमच्याच हातची आहे."

त्यानं सुगंधाबाईची पेटी आणवली. सुगंधाबाई पुढच्याच रांगेत बसली होती. तिच्या लग्नातली ती पेटी, गुलाब फिके पडलेले, नाव अर्धं गेलेलं. नूरभाई पेटीभोवती एकदा फिरले, मागच्या बाजूला बोट लावून पाहिलं. त्या साली पत्रा पातळ आला होता, बिजागरीचे रिवेट मऊ होते, हे त्यांना आठवलं. शमसुन्निसाबी कानाशी जाऊन म्हणाल्या की नका बसू, तब्येतीचं कारण सांगू.

"नाई म्हटलं तर आजपासून सारेच नाई म्हणतीन," ते म्हणाले. कमरेला स्क्रू पिळायचा पेचकस खोचला आणि आत बसले.

विक्कीनं कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. चादर वर गेली.

सुरुवात नेहमीसारखी झाली. चहा झाला का. पहिले बाहेर तर या. हशा. आत पेचकसाची खुडखुड शमसुन्निसाबींना ऐकू येत होती. मग खुडखुड जलद झाली. मग थांबली.

"जिशानची अम्मी, पाणी दे."

हे खेळात नव्हतं. पण लोक हसले, आणि शमसुन्निसाबींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, पहिले बाहेर तर या. लोक अजून हसले. आतून पुन्हा आवाज आला, बारीक, जिशानची अम्मी. त्या आपल्या नावाची वाट पाहत राहिल्या. त्यांचा सगळा जीव कानात आला होता. आज इतक्या लोकांपुढं लाज काढली तरी चालेल, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. आतून काहीच आलं नाही.

तेव्हा सुगंधाबाई उठून मंचापाशी आली. तिनं हळू आवाजात, काही चुकल्यासारखं, विचारलं, "बाई, त्यायले मालूम आहे ना? मी बियाण्याचे धान ठेवतो त्यात. किडा शिरू नये म्हणून साऱ्या फटी आतून डांबरानं बुजवल्या हावो."

"मग पहिले काऊन नाई सांगितलं?"

"पेटी त्यायचीच ना. मले वाटलं, त्यायले मालूम असन."

शमसुन्निसाबींनी चादर टाकून दिली आणि विक्कीला चावी मागितली. तो मंचाखाली उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होता. त्याला वाटलं हाही खेळच. हसत म्हणाला, चावी नाई भेटत चाची, तुमची जादू दाखवा. लोकांनी टाळ्या धरल्या. त्यांनी खाली उतरून त्याच्या शर्टाला धरलं, खिसा फाडला, चावी मातीत पडली. त्या गुडघ्यांवर बसून ती शोधू लागल्या तेव्हा टाळ्या एकेक करून थांबल्या.

झाकण उघडलं. नूरभाई मान कलती करून बसले होते, ओठ निळे. हातातला पेचकस डांबरानं माखलेला.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात त्यांचा श्वास परतला. डावा हात परतला नाही. विक्कीचं चित्रण त्याच्या मोबाईलवरून कसं सुटलं, कुणाला ठाऊक. आठवड्याभरात नदीच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांत चहाच्या टपऱ्यांवर लोक ते बघत होते. त्यात शमसुन्निसाबी म्हणतात, पहिले बाहेर तर या, आणि लोक हसतात. विक्की दवाखान्यात येऊन पाया पडून गेला. सुगंधाबाईनं तांदूळ पाठवले. शमसुन्निसाबींना कुणाचाच राग आला नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि खाटेपाशी बसून त्यांनी ती कितीदा तरी जिभेवर आणून गिळली. शेवटी एका दुपारी, कपाळावरचा घाम पुसताना, विचारून टाकलं.

"नाव काऊन नाई घेतलं?"

नूरभाई छताकडं पाहत होते. शमसुन्निसाबींना वाटलं ऐकलं नसेल, किंवा शरम वाटली म्हणतील, किंवा भान गेलं होतं म्हणतील. यातलं काहीही त्यांना चाललं असतं.

"घेतलं असतं," ते म्हणाले, "तर तू उघडली असती."

शमसुन्निसाबींनी कपाळावरचा राहिलेला घाम पुसला. पण त्यानंतर त्या त्यांच्या जवळ झोपल्या, त्यांना घास भरवला, त्यांच्या कुर्त्याची बटणं लावली, तरी त्यांना सारखं वाटे की या माणसानं जिथं जायचं ठरवलं होतं तिथून आपण त्याला ओढून आणलं आहे, आणि तो ते विसरणार नाही. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडलेही नाहीत. जे ताटात पडेल ते खायचे. जिशाननं दुकान विकू का विचारलं, तर विक म्हणाले. काळा कोट कुणाला देऊन टाकू का विचारलं, तर दे म्हणाले.

आता ते राजुऱ्याला जिशानच्या क्वार्टरमध्ये राहतात. खाणीची धूळ खिडकीच्या गजांवर बसते, शमसुन्निसाबी ती रोज ओल्या फडक्यानं पुसतात. त्या नूरभाईंना एकटं सोडत नाहीत. भाजी आणायची तरी सून घरी आल्यावर. दुपारी दार उघडं ठेवून त्यांना उंबऱ्याशी बसवतात, वाऱ्याला. ते बसवलं की बसतात, उठवलं की उठतात.

शेजारी नवीन बिऱ्हाड आलं आहे, रंजीता म्हणून मुलगी आहे, बोलकी. ती परवा विरजण मागायला आली. नूरभाईंना सलाम केला आणि सहज विचारलं, "काका पहिले काय करत होते?"

शमसुन्निसाबींनी उत्तर त्यांच्यावर सोडलं. मुद्दामच. हातातली वाटी तशीच धरून त्या नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. पेटीवाला होतो म्हणू दे, जादूगार होतो म्हणू दे, काय वाटेल ते म्हणू दे.

"काई नाई," नूरभाई म्हणाले.

रंजीताला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसेल. तिनं शमसुन्निसाबींकडं पाहिलं. त्यांनी वाटीत विरजण घातलं, वर ताटली झाकली आणि तिच्या हातात दिली.