गोलसमोरचा आरसा

रोज आरसा घेऊन हिंडणारा आणि तरीही स्वतःचं तोंड कधी न पाहणारा माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि ते नेमके माझे मावसा असावेत, हे माझं नशीब. शर्टाचं बटण एक घर खाली, मिशी एका अंगाला आखूड. पण स्कूटरवर मागे भलामोठा आरसा बांधलेला. काचेचा नव्हे, चकचकीत प्लास्टिकचा. पाइपाचे तुकडे जोडून केलेली चौकट, वर गादीची जुनी खोळ. एका हाताने उचलावा इतका हलका. मी हॉकीतली गोलकीपर, आणि मावसांनी स्वतःच स्वतःला माझे गुरू नेमलेलं. चेंडू जिथून यायचा तिथे ते आरसा धरून बसत, म्हणजे मला मी दिसे आणि माझ्यामागे उघडा राहिलेला गोलही. "तुना गोल तुले दिखस नही, चेंडूले दिखस," हे त्यांचं रोजचं पालुपद. मेहरूण तलावाकाठच्या आमच्या मैदानावर सकाळी फिरायला येणारे लोक त्याच आरशात भांग पाडून जात आणि मावसा सराव थांबवून त्यांना म्हणत, "नाना, आते बेस शे!" मी पॅड बांधून उभी, लाजेने अर्धी झालेली. एका लग्नात तर गोल अडवायचा कोन समजावताना त्यांनी मांडवाच्या दारात वरमायलाच अडवून धरलं. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही.

मग धुळ्याची फायनल आली. एका गोलने आम्ही पुढे, आणि अगदी शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. त्यांच्या मुलीने डोळे बारीक करून मारलेला चेंडू खांबाबाहेरून गेला. आमच्या मुली नाचत माझ्याकडे धावल्या. तेवढ्यात मावसा मैदानात शिरले आणि पंचांपुढे हात जोडून उभे राहिले. सामन्याआधीच्या सरावानंतर गोलमागच्या जाळीला टेकवलेल्या आरशावर खोळ घालायची राहिली होती. उतरतं ऊन त्यावरून थेट त्या मुलीच्या डोळ्यांत गेलं होतं. "साहेब, आरसा मना शे. तिले परत मारू द्या."

स्ट्रोक परत झाला, गोल झाला, आणि पुढच्या टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. कोणी चोर म्हणालं, आमच्यातलं कोणी वेडा. मला कुठे तोंड लपवू असं झालं. एसटीत मावसा आरसा उलटा मांडीवर धरून बसले होते.

त्यानंतर ते मैदानावर आलेच नाहीत. मावशी म्हणाली, "आते दाढीबी आरसा न देखता चाचपडीसन करतस." गालावर दोन ठिकाणी कापलेलं मी स्वतः पाहिलं. शेवटी परवा मीच त्यांच्या माळ्यावरून आरसा काढला आणि म्हणाले, "मावसा, चला. मला गोल दिसत नाही."

ते आले, चेंडूच्या जागी बसले. पण आरसा त्यांनी असा धरला होता, की तोंड पूर्ण त्यामागे. मला मी दिसत होते, गोल दिसत होता, आणि चौकटीच्या कडेला त्यांची बोटं. मग कडेने एक डोळा डोकावला आणि आरशामागून हळूच आवाज आला,

"डावी बाजू उघडी शे, बेटा."

मी डावीकडे सरकले.