धोंडा म्हणायचं राहून गेलं

नमस्कार मंडळी. तुमचे सगळ्यांचे अनुभव माझी नात चिमी मला वाचून दाखवते. खरं सांगू? निम्म्यांना मी हसले आहे. रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की ती भूतच का असते हो, रात्रपाळीची नर्स का नसते? आमच्या कडावात एका चिंचेखालून जायला लोक भरदुपारी घाबरायचे. मी तिच्याच चिंचा मीठ लावून खाल्ल्या आणि अजून ठणठणीत आहे. तर अशी मी. आणि तरीही आज चिमीला टाईप करायला बसवलंय... कारण जे झालं त्याचा अर्थ मला लागत नाही, आणि त्याला हसताही येत नाही.

आधी माझ्या खुळेपणाची ओळख करून देते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव दगडू. मी बोलले नाही, चिमीने लिहिलं बघा! तोंडाने घ्यायचं नाही असं मला सांगितलं होतं, लिहायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "नवऱ्याचं नाव नाय घेत गं आमच्यात." शहाण्या मुलीने तेवढंच पाळलं असतं. मी दीडशहाणी. मी 'दगड' हा शब्दच टाकून दिला! चुलीला लावायचा तो धोंडा, बांधावरचा तो धोंडा, डाळीत दाताखाली आला तर तो बारीक धोंडा. रेशनकार्डाच्या वेळी साहेबाने विचारलं, "मालकाचं नाव?" मी लाजून लाल. मग बाहेर गेले, आवारातला चांगला मुठीएवढा उचलून आणला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. साहेब खुर्ची मागे सारून उभाच राहिला. त्याला वाटलं, ही बाई आता डोकं फोडते! रांगेतली एकजण म्हणाली, "अवो सायब, घाबरू नका, नाव सांगतेय ती." असलं ते ध्यान.

पुढे पोरं झाली, नातवंडं झाली, केस पिकले. लाज केव्हाच गेली, पण सवय राहिली. सगळा संसार 'अहो'वर झाला. उखाण्यातसुद्धा मी नाव असं गिळायची की बायकांना नुसतं '...रावांचं' ऐकू जायचं. चिमी माझ्याच हाताखाली वाढली, तीही लहानपणी धोंडाच म्हणायची.

आता ह्यांच्याविषयी. हे रसायनीला एका केमिकल कंपनीत होते. रिटायर झाल्यावर झाडं कापायचा पेट्रोलवरचा कटर घेतला. चेनसॉ म्हणतात ना, तो. आमच्याकडे सगळे कटरच म्हणतात. वादळात पडलेलं झाड, घरावर कललेलं झाड, की आलंच ह्यांना बोलावणं. अंगात कंपनीची शिस्त. डोक्याला हेल्मेट, तोंडापुढे जाळी, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड वाट्या, पायात गुडघ्याला आलेले बूट. मी म्हणायची, "कळंबला चाललात की चंद्रावर?"

"हस गं, हस. चेन टोकाला अडकून उलटी उसळली ना, तर हसायला तोंड ऱ्हात नाय."

कटर सुरू करण्याआधी पळायची वाट करायची, हा ह्यांचा नियम. झाड पडणार त्याच्या उलट बाजूला, तिरकी. तिथली झुडपं, ओंडके, सगळं आधी बाजूला. आणि मान वर करून बघायचं. मोडून लोंबणारी फांदी दिसली तर तिच्याखाली उभं राहायचं नाही... मग मालक कितीही घाई करो.

पण त्या दिवशी राहिले.

कळंबजवळ एका रिसॉर्टवर काम होतं. वादळात ऐनाचं एक झाड मुळासकट कलंडून शेजारच्या आंब्यात अडकलं होतं. हे म्हणतात, अडकलेल्या झाडासारखं वाईट दुसरं नाही. पडलंय म्हणावं तर पडलेलं नाही, उभं म्हणावं तर उभं नाही. कुठल्या फांदीवर किती ताण आहे ते कळत नाही, एक कापावी तर दुसरीच सुटते. असं झाड लांबून चेनपुली लावून ओढायचं असतं. चेनपुली यायला उशीर होता, मालकाकडे संध्याकाळी पाहुणे येणार होते. ह्यांनी वर पाहिलं. आंब्याची एक जाड फांदी मोडून वरच्या बेचक्यात बसली होती. म्हणाले, "घट्ट बसलीय. तवर बुंध्याकडचं थोडं कापून ठेवतो." हे मला सलीमभाईंनी नंतर सांगितलं. सलीमभाई म्हणजे कर्जतचे टेंपोवाले, लाकूड तेच नेतात. ते टेंपोपाशी उभे होते.

त्या वेळी मी कडावला, घराच्या ओटीवर लसूण सोलत. कडाव ते कळंब हाकेचं अंतर नाही, मध्ये कितीतरी गावं येतात. चिमी समोरच्या रस्त्यावर स्कूटी शिकत होती. म्हणजे रस्त्याकडे सोडून माझ्याकडे बघत होती.

"आज्जी, बघ! पाय न टेकवता!"

"पुढं बघ गं, पुढं!"

टेंपोच्या चाकाला लावलेला एक भलामोठा धोंडा कोणीतरी उतारावर तसाच ठेवून गेलं होतं. पोरगी सरळ त्याच्यावर. मी लसूण टाकून उठले, तोंड उघडलं आणि... धोंडा हा शब्द जिभेवर आलाच नाही हो! पोटातून, कधी ओरडले नव्हते अशी ओरडले—

"दगडूऽऽऽ!"

चिमीने ब्रेक दाबला. स्कूटी धोंड्याला टेकून थांबली. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली आणि मग पोट धरून हसायला लागली. "आज्जी! तू आजोबांचं नाव घेतलंस! आणि तेही ओरडून!" मी जीभ चावली. मलाही हसू फुटलं. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसत होतो.

तेवढ्यात ओटीवर माझा फोन वाजला. हे होते.

"काय झालं? काय झालं गं?" श्वास लागलेला.

"कुठं काय झालं?"

"मग हाक कशापायी मारलीस?"

मी काही बोलणार, तोच फोनमधून आवाज आला. आधी कर्रर्र... मग जमिनीवर काहीतरी प्रचंड आदळल्याचा. मग पानांची सळसळ. थांबेचना. मग सलीमभाईंचं "या अल्ला!" आणि ह्यांचा आवाजच नाही.

"अहो," मी म्हटलं. "अहो! अहो!!"

चिमी सांगते की मी भिंत धरली होती. मला ते आठवत नाही. मला तेवढी सळसळ आठवते.

बऱ्याच वेळाने आवाज आला. अगदी हळू.

"हाय गं. हाय मी."

आंब्यातली ती फांदी सुटली होती. हे जिथे वाकून कापत होते, तिथेच, भाल्यासारखी जमिनीत रुतली होती. हेल्मेट काय करणार त्यापुढे.

संध्याकाळी सलीमभाई ह्यांना घेऊन घरी आले. चहा घ्यायला बसले. म्हणाले, "वहिनी, कटर फुल चालू. मी दहा हात लांब, तरी माझे कान फुटत होते. आणि हे एकदम थांबले. कटर बंद केला, चेनचा ब्रेक मारला, खाली ठेवला. कानावरचं काढलं आणि मोठ्याने म्हणाले, 'आलो गं!' मी म्हटलं, या रानात बाई कोण? तर हे त्या साफ केलेल्या वाटेने तरातरा माझ्याकडे आले आणि फोन लावला. बस... फोन लागला आणि ती फांदी आली खाली."

"तुम्हांला ऐकू आली हाक?" मी विचारलं.

"कसम से सांगतो, मला कायपण नाय."

सलीमभाई गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "नक्की काय ऐकलंत?"

"माझं नाव."

"आईंचा आवाज असेल. त्याच तेवढ्या नावाने हाक मारायच्या."

"आईचा असता तर म्हटलं असतं, भास हाय. आई कवाच गेली. आवाज तुझा व्हता. हितं, कानापाशी." मग म्हणाले, "तू 'अहो' म्हटलं असतंस ना, तर आधी कापून घेतलं असतं आणि मग आलो असतो. तू कवा नाव घेत नायस. मला वाटलं, घर पेटलं, नायतर तू तरी पडलीस कुठं."

मी उठून उगाच भांडी आवरायला गेले. आवरलेलीच होती.

माझा मुलगा पनवेलला असतो, हुशार आहे. तो म्हणतो, फांदी सुटायच्या आधी लाकूड बारीक करकरतं. ती करकर बाबांच्या कानाने टिपली असेल आणि मेंदूने तिला, आई, तुझा आवाज दिला असेल. पटण्यासारखं आहे. इतकी वर्षं झाडात काढलेल्या माणसाला कळतंही असेल. पण मग माझं काय? मला कुठली करकर ऐकू आली? जो शब्द मी लग्नापासून टाळला तो नेमका त्याच वेळी, तोही धड दगड न होता दगडू होऊन कसा बाहेर पडला? मुलगा म्हणतो, योगायोग. असेल बाबा. मी त्याच्याशी वाद घालत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर लिहा. मला अजून कळलेलं नाही.

ह्यांनी काम सोडलेलं नाही. आता मात्र चेनपुली आल्याशिवाय अडकलेल्या झाडाला हात लावत नाहीत, मालक नाचला तरी. आणि एक नवीनच खूळ काढलंय. सकाळी बूट चढवता चढवता, चिमी नाही असं बघून, हळूच म्हणतात, "म्हण की परत एकदा. चांगलं वाटलं व्हतं."

मी म्हणत नाही. रोज घेतलं तर बाकीच्या शब्दांसारखं होईल ते, कापायचं थांबवून कोण येईल त्याच्यासाठी? मी नुसतं "अहो, जपून" म्हणते आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ओटीवर उभी राहते. नाव तोंडातच ठेवते. लागलं तर असू दे.