पाडलेल्या इमारतीतली खोली

विलासराव आमच्या विभाग कार्यालयात अतिक्रमण पथकाचे मुकादम होते. त्यांची सगळी नोकरी बेकायदा बांधकामं पाडण्यात गेली. पाडण्यात म्हणजे, जेवढं पाडता येतं तेवढं पाडण्यात.

आधी काम थांबवण्याची नोटीस चिकटवायची. काम काही थांबायचं नाही. मग पथक निघायचं. पोलीस बंदोबस्त दुपारपर्यंतच, मशीन रबाळ्यात दुसऱ्या कारवाईवर अडकलेलं. अख्खी इमारत पाडणार कशाने? मग वरच्या स्लॅबला ब्रेकरने भोकं पाडायची, सळ्या कापायच्या, फोटो काढायचे आणि 'निष्कासित', म्हणजे पाडून टाकली, असा अहवाल द्यायचा. बिल्डर भोकं बुजवून वर आणखी मजले चढवायचा. आम्हा सगळ्यांना ठाऊक असायचं. पण तोवर दुसऱ्या इमारतीची फाइल टेबलावर आलेली असायची.

घरी मात्र ऑफिसचा विषय बंद. शेजाऱ्यांना कळलं की 'साहेब, आमच्या ग्रीलचं जरा बघा ना' सुरू होतं. पत्नी सरोजिनीबाई गेल्यावरही विलासरावांनी हा नियम मोडला नाही. बाबा आज कुठली इमारत पाडून आले, हे मुलगी क्षिप्राला कधी कळलं नाही.

त्या नियमानेच घात केला. बाबा निवृत्त झाले, आता त्यांना सरप्राइज द्यायचं, म्हणून क्षिप्राने आणि जावई अभिरामने गुपचूप तळवलीत फ्लॅट घेतला. वापरलेला, चौथ्या मजल्यावरचा. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं आणि भाड्याचं घर सोडलं.

विलासराव पेढे घेऊन घर बघायला गेले आणि जिन्यातच थबकले. हा जिना ते ब्रेकरवाल्यांना घेऊन चढले होते. तेव्हा चौथ्या मजल्याच्या वर आभाळ होतं. आता तिथे आणखी तीन मजले होते.

आतली खोली नातीसाठी गुलाबी रंगवली होती. विलासराव छताकडे बघत उभे राहिले.

"पीओपी आवडलं का, बाबा?" क्षिप्राने विचारलं.

"ह्याच्या वरचा स्लॅब आमी फोडलाय," ते म्हणाले. "भोकं ह्याच खोलीवर होती. सळ्या मीच कापून घेतल्यात."

क्षिप्रा विकणाऱ्याला फोन लावत बसली. अभिराम म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. अख्खी बिल्डिंग राहतेय ना. आणि आता जायचं कुठे?" विकणाऱ्याचा फोन बंद लागत होता.

दोन दिवसांनी विलासराव अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी त्याच विभाग कार्यालयातला लिपिक. इमारतीची तपासणी व्हावी, असा अर्ज होता. मी कॉम्प्युटरवर पत्ता टाकला आणि समोर आलेली नोंद पुन्हा एकदा वाचली.

"बोल की," ते म्हणाले.

"विलासराव, ही इमारत पाडलेली आहे."

"माहितेय. मीच पाडली."

"मग नसलेल्या इमारतीची तपासणी कशी लावू?"

ते हसले नाहीत. मला संताप आला. त्यांचा आला, सहीवर सही करणाऱ्या साहेबांचा आला, आणि खुर्चीत बसून असले प्रश्न विचारणाऱ्या माझा तर जास्तच आला. शेवटी मी खरं काय ते सांगितलं. अर्ज पुढे नेला तर फाइल पुन्हा उघडेल, पुन्हा नोटीस निघेल आणि बिल्डिंग रिकामी करायला लावतील. ती नोटीस त्यांच्या मुलीच्याही दारावर लागेल.

"आणि नाही नेला तर?"

मी अर्ज त्यांच्याकडे परत सरकवला.

त्यांनी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली. "आपण नोटीस लावायचो, तेव्हा लोक दारात उभे राहून नुसते बघायचे," ते म्हणाले. "मला वाटायचं, नाटकं करतायत." चहा न घेताच ते निघून गेले.

दिवाळीत मी तळवलीला गेलो; विलासराव आता मुलीकडेच राहत होते. गुलाबी खोलीत विलासरावांची खाट होती, नेमकी पीओपीच्या फुलाखाली. नातीचं कपाट, बाहुल्या, अभ्यासाचं टेबल, सगळं हॉलमध्ये आलं होतं. हॉलमध्ये आपल्याला झोप लागत नाही, असं सांगून त्यांनी ती खोली मागून घेतली होती. क्षिप्राला खरं कारण माहीत होतं. चहा देताना ती बापाकडे बघत नव्हती.

तेवढ्यात नात भातुकली घेऊन धावत आली. या मुलीला विलासराव कशालाच नाही म्हणत नसत. ती दारात पोचली तशी ते खाटेवरून ओरडले, "आत नाही यायचं."

ती तिथेच थांबली. "पण ही खोली माझी होती ना?"

विलासराव उठले, बाहेर आले आणि हॉलमध्ये तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. हात मागे नेऊन त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

"आता आजोबांची आहे," ते म्हणाले, आणि तिने पुढे केलेला खोटा चहा प्यायले.